अप्पांच्या बोळातला दिवा

अप्पा नागवेकर कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. घरचा माणूस "या, बसा" म्हणत असायचा आणि अप्पांची नजर छताला. दिवा कुठे टांगलाय, उजेड कुणाच्या तोंडावर पडतोय, कुणाच्या पाठीवर, एवढं पाहून झालं की मगच ते चपला काढायचे. आमची घरमालकीण जनाबाय हिला बरेच दिवस वाटत होतं की हा रत्नागिरीकडचा भाडेकरू आपली कौलं गळतात का ते तपासतो. एकदा तिने विचारलंच, "काय बगतास अप्पा? कौला ठीक हायेत." अप्पा म्हणाले, "कौलं नाही हो, दिवा. माणूस बसवलाय एकीकडे आणि दिवा लावलाय दुसरीकडे."

ही खोड त्यांना नोकरीने लावली होती. मुंबईच्या एका गिरणीत तयार कापड तपासायच्या खात्यात ते कामाला होते. मोठ्या खिडकीसमोर टेबल, टेबलावरून कापड सरकतंय, आणि अप्पा उभे राहून बघतायत. कुठे धागा सुटला, कुठे तेलाचा डाग पडला, की खडूने खूण. खूण झालेलं कापड वेगळ्या गठ्ठ्यात जायचं आणि पडत्या भावाने विकलं जायचं. "उजेड चुकला की माल चुकला," हे त्यांचं पालुपद. बाजारातून आणलेलं वांगंसुद्धा ते दारात नेऊन फिरवून बघायचे. माझ्या आईने हौसेने घेतलेलं पातळ त्यांनी असंच दारात नेलं आणि काठाजवळचा डाग दाखवला. आई पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि ते पातळही तिने कधी नेसलं नाही. डाग इतका बारीक होता की अप्पांनी बोट ठेवलं नसतं तर जन्मभर कुणाला दिसला नसता. मी हे मुद्दाम सांगतेय.

आम्ही भाईंदरच्या पश्चिमेला, मोरव्याच्या रस्त्यावर, जनाबायच्या घरात राहत होतो. तिचं घराणं जुनं, भाताची शेती आणि मिठागरं असलेलं. घर लांबलचक होतं. भाडेकरू ठेवायचे म्हणून तिने मध्ये भिंत घातली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला अप्पा आणि त्यांची मुलगी सुलू. भिंत घालताना अप्पांच्या बाजूची मधली खिडकी बुजली, आणि बाहेरची खोली व स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक बोळ उरला. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागे. भर दुपारी तिथे काळोख. बाहेर मिठागरांवर ऊन असं पडायचं की मिठाच्या राशींकडे बघवत नसे, आणि त्या उन्हातून आत आलं की बोळात भिंतीला हात लावून चालावं लागे.

सुलू माझ्याच वयाची. तिची आई ती लहान असतानाच गेली. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. तिच्या वेण्या तेच घालायचे, आणि त्या वेण्या एक वर एक खाली असायच्या. सुलू दंगेखोर, तोंडाळ, हसायला लागली की भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायची. मॅट्रिकच्या वर्षी तिच्या डाव्या गालावर, हनुवटीच्या वरच्या बाजूला, एक पांढरा डाग उठला. कोड. त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नाही. अप्पा म्हणायचे, "ते." डॉक्टर झाले, वैद्य झाले, बावचीचं तेल झालं, तेलाने गाल भाजून निघाला आणि "ते" तिथेच राहिलं, जरासं वाढलंच.

गावाला त्याचं काही नव्हतं. सुलू उघड्या तोंडाने विहिरीवर यायची, मिठागराच्या बांधावरून माझ्याबरोबर फिरायची. एकदा एका बाईने तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, तर जनाबायने तिला तिथेच झापली, "तुझे घरान सगली सोन्याची हायेत का?" सुलू त्यावर इतकी हसली की हातातली कळशी सांडली. मला ती आठवते ती तशी, भर उन्हात, ओल्या पायांनी. तेव्हा तिला आपला चेहरा कुठल्या बाजूला करायचा असतो हे माहीतच नव्हतं.

मग तिचं लग्न काढलं आणि त्याच सुमारास घरात वीज आली. या दोन गोष्टी एकदम आल्या नसत्या तर काय झालं असतं, कोण जाणे.

मुलगी बघायला मंडळी यायची ती बाहेरच्या खोलीत बसायची. खोली एवढीशी. खाट, दोन खुर्च्या आणि पाहुणे मांडले की जागा संपली. म्हणून मुलीची खुर्ची बोळाच्या तोंडाशी. बाहेरचा दिवा पाहुण्यांच्या डोक्यावर, त्याचा उजेड त्यांच्या टकलांवर. सुलूच्या चेहऱ्यावर पडायचा तो बोळातला. पहिल्या वेळी बोळात साधा चाळीसचा बल्ब लोंबत होता. सुलू पोह्यांच्या बशा घेऊन आली, बसली, मान वर केली, आणि मुलाच्या मामाने दुसऱ्याच क्षणी घड्याळ बघितलं. नकार आला. कारण सांगितलं नाही. कधीच कुणी सांगत नाही.

अप्पा त्या संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी वर बघितलं. गिरणीत बघावं तसं. त्यांना वाटलं, दिवा चुकला.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही सगळे त्या बोळातल्या दिव्यांच्या मागे होतो. आधी त्यांनी झीरोचा बल्ब लावला. त्या लालसर मिणमिणाटात डाग दिसेना, पण सुलूही दिसेना. एका वरमाईने विचारलं, "मुलगी दाखवताय की लपवताय?" अप्पा ओशाळले. मग ट्यूबलाइट आणली. तेव्हा ट्यूब म्हणजे केवढा थाट. जनाबायच्या घरीही नव्हती. ती बघायला आली. अप्पांनी बटण दाबलं, ट्यूब दोनदा फडफडली आणि बोळ पांढराफटक झाला. अप्पांनी सुलूला खुर्चीत बसवलं. त्या उजेडात तिचा बाकीचा चेहरा करडा दिसत होता आणि डाग मात्र चुन्यासारखा उठून आला होता. सुलूच म्हणाली, "काय झालं? भूत बघितल्यासारखे काय उभे आहात?" अप्पांनी ट्यूब उतरवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत दिली.

स्टेशनजवळच्या विजेच्या दुकानातल्या शेठला अप्पा पाठ झाले होते. मी एकदा बरोबर होते. शेठ वैतागून म्हणाला, "अप्पा, आपको रोशनी बढ़ाने की है के कम करने की है?" अप्पा शांतपणे म्हणाले, "बराबर करने की है, शेठ." दुधी काच, हिरवी शेड, कागदाची शेड, भिंतीकडे तोंड केलेला दिवा, सगळं करून झालं. प्रत्येक वेळी सुलू खुर्चीत, शेजारी स्टुलावर मी, तुलनेला. अप्पा पाहुण्यांच्या खाटेवर बसून डोळे बारीक करून बघायचे. "सुले, जरा उजवीकडे गो. आणखी. हां. आता मान खाली." मला हसू यायचं. सुलूलाही यायचं, सुरुवातीला. जनाबाय उंबऱ्यात बसून सुपारी कातरत म्हणायची, "अप्पा, लोका पोरीला बगाला येतान का दिव्याला?"

मी एकदा धीर करून विचारलं, "अप्पा, पण त्यांना आधीच सांगून टाकलं तर?" ते माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "कुसुम, मी लपवत नाही गो. फक्त दाखवत नाही. माणूस आधी आवडू दे त्यांना. तिचं हसणं बघू दे. मग सांगेनच ना मी." मला वाटतं ते खरं बोलत होते. त्यांनी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं, गिरणीत तर साधा खडूचा तुकडा खिशात घालून आणला नव्हता. एवढ्या सरळ माणसाने दिव्याआड उभं राहावं हे मला आजही सहन होत नाही. पण त्यांना दुसरं काय येत होतं? आयुष्यभर उजेड आणि डाग एवढं एकच शास्त्र ते शिकले होते, आणि मुलीवरचं सगळं प्रेम त्यांनी त्याच शास्त्रात ओतलं.

सुलूचं हसणं कधी कमी झालं ते नेमकं सांगता येत नाही. एकदा आम्ही बांधावरून चाललो होतो, आणि माझ्या लक्षात आलं की ती सारखी माझ्या डाव्या बाजूला येतेय, म्हणजे डावा गाल माझ्यापासून लांब. मी बाजू बदलली, तिने परत बदलली. मी म्हटलं, "अगं, मी आहे." ती म्हणाली, "सवय लागली गं खुर्चीत बसून." त्यानंतर ती विहिरीवर दिवस वर यायच्या आत जाऊ लागली.

आणि मग अप्पांना हवा तो दिवा सापडला. भिंतीवर बसवायचा छोटा ब्रॅकेट, त्यावर पिवळ्या काचेचा ग्लोब, आत पंचवीसचा बल्ब. बोळाच्या उजव्या भिंतीवर, सुलूच्या डोक्याच्या जरा वर. उजवा गाल, कपाळ, डोळे, सगळं लोण्यासारखं मऊ दिसायचं. डावा गाल सावलीत, पण ती सावली कुणाला खटकू नये इतपतच. मी स्टुलावर बसले होते. अप्पा खाटेवरून बघत राहिले, बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "तिच्या आईसारखी दिसते गो," ते म्हणाले.

त्या दिव्याखाली आलेलं स्थळ दादरचं. मुलगा पोस्टात, स्वभावाने मोकळा. त्याने सुलूला काहीतरी विचारलं, सुलूने तिच्या जुन्या तोऱ्यात उत्तर दिलं, आणि सगळे हसले. मी आणि जनाबाय आत स्वयंपाकघरात. जनाबायने माझा दंड दाबला. बाहेर मुलाच्या आईचा आवाज आला, "आम्हाला मुलगी पसंत आहे. आज दिवसही चांगला आहे. तबक करा कुणीतरी, कुंकू लावून ओटी भरूनच जाते."

अप्पांनी सगळा विचार केला होता. कोण कुठे बसेल, कुठून बघेल, किती वेळ बघेल. पण घरात बाईमाणूस नव्हतं. पसंती झाली की मुलीला ओवाळतात, आणि ओवाळताना निरांजन तोंडापाशी येतं, हे त्या पुरुषाच्या ध्यानात आलं नव्हतं. जनाबायने आनंदाने तबक केलं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, साजूक तुपातली वात. तिच्याही डोक्यात काही आलं नाही. तिला त्या पोरीचा गाल कधी वेगळा दिसलाच नव्हता. मी तबक जाताना पाहिलं आणि बोळातून पलीकडे अप्पांचा चेहरा पाहिला. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. ते खाटेवरून अर्धवट उठले होते. ओवाळू नका, असं कुठला बाप सांगेल?

मुलाच्या आईने कुंकू लावलं. तबक उचललं. निरांजन उजवीकडून फिरत डावीकडे आलं आणि तिथे थांबलं. फार नाही, आपण श्वास घेतो तेवढंच. मग बाईंनी ओवाळणं पुरं केलं, कारण ते अर्धवट सोडत नाहीत. अक्षता टाकल्या. तबक खाली ठेवलं. शेजारी पिशवीतून काढून ठेवलेला खण आणि नारळ त्यांनी परत पिशवीत ठेवले आणि मुलाला म्हणाल्या, "चल. गाडी चुकेल." मुलगा गोंधळून आईकडे बघत होता. जाताना त्या दारात थांबल्या. अप्पांना हळूच म्हणाल्या, "सांगितलं असतंत तर मी विचार केला असता हो." आणि गेल्या.

याहून वाईट वाक्य मी ऐकलेलं नाही. त्या खोटं बोलत असतील. लोकांना जाताना असं बोलून हात झटकणं सोपं जातं. पण अप्पांनी ते खरं मानलं, आणि मरेपर्यंत मानलं.

मंडळी गेल्यावर सुलू खुर्चीतून उठली नाही. कपाळावर कुंकू, केसांत अक्षता. अप्पा म्हणाले, "सुले, आपण दुसरा..." तिने त्यांना पुरं करू दिलं नाही. अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "अप्पा, तुम्हालाही मी याच दिव्यात बरी दिसते ना?" अप्पांनी दिव्याकडे बघितलं. "त्या दिवशी तुम्ही रडलात. आईसारखी दिसते म्हणालात. मी रोज तुमच्यासमोर उन्हात फिरते, तेव्हा कधी म्हणाला नाहीत." मग ती उठली, बटण बंद केलं आणि बोळातून आत गेली. भिंतीला हात न लावता. त्या काळोखाची तिला सवय झाली होती.

अप्पांनी पुन्हा स्थळ बघितलं नाही. पिवळा ग्लोब त्यांनी स्वतः उतरवला आणि बोळात शंभरचा बल्ब लावला, उघडा, मधोमध. ते तिला सांगायचे, "इथे बस गो. वाच काहीतरी. मला बघू दे." ती बसायची नाही. त्यांनी दिवा लावला की तिने जाता येता बंद करायचा. तिने बंद केला की त्यांनी लावायचा. भिंतीपलीकडून आम्हाला नुसते बटणाचे आवाज ऐकू यायचे. भांडण नाही, बोलणं नाही, खट आणि खट. माझी आई म्हणायची, "या दोघांतलं कुणीतरी ओरडेल तर बरं." कुणी ओरडलं नाही.

माझं लग्न झालं, मी ठाण्याला गेले. माहेरी आले की पलीकडे डोकवायची. सुलूने शिवणाचं मशीन घेतलं होतं, ते बाहेरच्या खोलीत. त्या खोलीची खिडकी तिने अर्धी पडद्याने झाकली होती. बायका कपडे द्यायला यायच्या, ती पदर गालावरून ओढून माप घ्यायची. मशीनने जागा घेतली म्हणून अप्पांची खाट बोळात आली, तिच्या कडेने अंग चोरून जावं लागे. गिरणी सुटली होती, दम लागत होता. तिथे ते पडून राहायचे आणि वर बघायचे. दिवा बंद असायचा.

शेवटचं बोलणं झालं ते तिथेच. मी खाटेच्या कडेवर बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "कुसुम, एवढी वर्षं कापड तपासलं. खूण केली की तो माल डागी. खूण कोण करतो? तपासणारा. कापड काही स्वतःहून सांगत नाही. माझ्या पोरीला कुणी खूण केली नव्हती गो. गावाने केली नाही, तुझ्या जनाबायने केली नाही. मी केली." मी म्हटलं, "असं नका बोलू, अप्पा." ते म्हणाले, "मग कसं बोलू?" पलीकडे मशीन चालू होतं. तिला ऐकू गेलं असणार. मशीन थांबलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला अप्पा गेले. मी पोचले तेव्हा नेऊन झालं होतं. आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात, खाली पीठ पसरून, आणि तो विझू द्यायचा नसतो. अप्पा बोळात गेले, म्हणून दिवा बोळात. खाट हलवलेली, मोकळ्या जमिनीवर पितळी समई, आणि भिंतीला टेकून तिच्या राखणीला सुलू. घरात दुसरं कुणी नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका बाहेरच्या खोलीत बसायच्या, अगदी पाहुणे बसत तिथे, आणि बोळाच्या तोंडाशी समईच्या उजेडात त्यांना सुलू दिसायची. डोक्यावर पदर नव्हता. मी इतक्या वर्षांत तिचा चेहरा पहिल्यांदाच समोरून, पुरता पाहिला.

मधल्या काळात डाग वाढत गेला होता. गाल, कपाळ, मान, हात. कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते आता सांगता आलं नसतं. सगळा चेहरा एकाच रंगाचा झाला होता, फिकट, मऊ. कुणी नवखं बघतं तर म्हणालं असतं, केवढी गोरी बाई आहे.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. ती रडत नव्हती. तिने काडीने वात सारखी केली, ज्योत मोठी झाली, आणि ती म्हणाली, "अप्पांनी उगाच घाई केली गं. आता मी कुठल्याही दिव्यात सारखीच दिसते."

जनाबाय आमच्या मागे उभी होती, काठी टेकून. तिने तेलाची बुधली माझ्या हातात दिली. मी समईत तेल घातलं.